गल्लीतून चौघीच का आल्या?

बेळगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. उद्यमबागेजवळ त्यांनी शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट टाकलंय. मशिनी तीस, बायका अठराच. जवळच्या मुस्लिम गल्ल्यांतून त्या दोन दिवस दारोदार फिरल्या, तेव्हा चौघी आल्या, आणि त्यातल्या दोघींनी पंधरा दिवसांत काम सोडलं. आजूबाजूचे म्हणतात, "त्यांच्यात बायकांना बाहेर पाठवत नाहीत, धर्मातच बसत नाही त्यांच्या." हे कितपत खरं आणि आता आपण काय करावं, असं ताई विचारतात.

मी निपाणीची. माझ्या अम्मीने आयुष्यभर विड्या वळल्या, माझं शिक्षण त्या विड्यांवर झालं. गेली सव्वीस वर्षं निपाणी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यात मी आधी विडी कामगार बायकांच्या पीएफचे कागद आणि पुढे शिलाईचे वर्ग, असं काम करते आहे. हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, आणि दर वेळी दोन वाक्यांत उत्तर द्यायला मला जमत नाही.

ताई, ज्या दारांवरून तुम्ही परत आलात, त्या दारांमागे बायका रिकाम्या बसल्या नव्हत्या. कुणी साडीला फॉल-पिको करत असेल, कुणी अगरबत्ती वळत असेल, कुणी गल्लीतल्या पोरांची शिकवणी घेत असेल. आमच्या निपाणीत विडी. अम्मी पहाटेच्या नमाजानंतर ओल्या पोत्यात गुंडाळलेली पानं सोडायची. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कात्रीने भोवतीनं कापायचं. मग मांडीवर सूप, सुपात एका बाजूला कापलेली पानं, एका बाजूला जर्दा. चिमूट भरायची, वळायची, तोंड नखाने मुडपायचं, दोऱ्याचे दोन वेढे. सरावलेल्या बाईच्या हातून दिवसाला ७०० ते १,००० विड्या होतात, त्याही स्वयंपाक, धुणं, पोरांचं आवरणं मधे मधे करत. पंचवीस विड्यांचा एक कट्टा बांधायचा. संध्याकाळी मुकादमाकडे न्यायच्या. तो हातात घेऊन बघणार, ओल्या-सैल वाटतील त्या छाट म्हणून बाजूला काढणार. छाटीतल्या विड्यांचे पैसे मिळत नसत आणि त्या विड्याही परत मिळत नसत. अम्मी त्या बाजूला काढलेल्या ढिगाकडे बघत उभी राहायची, ते मला अजून दिसतं.

यात एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. विड्यांची नोंद करायचं कार्ड एकीच्या नावावर असतं आणि वळणाऱ्या तिघी असतात. आमच्या घरी कार्ड आजीच्या नावावर होतं. आजी, अम्मी आणि चाची, तिघींच्या विड्या एकाच कार्डावर चढायच्या. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, तिला पीएफही लागू झाला. पण आमच्याकडे पीएफ साठला तो एकट्या आजीचा. अम्मीने इतकी वर्षं काम केलं, कागदावर ती एक दिवसही कामगार नव्हती. मी या कामात पडले ते यामुळे.

आता सरकारी मोजणी घ्या. मोजायला आलेला माणूस ओट्यावर बसलेल्या कर्त्या पुरुषाला विचारतो, घरात कोण काम करतं? उत्तर येतं, "हमारी औरतां घर में च रहतीं." झालं, त्या घरच्या तिन्ही बायका बेकामाच्या रकान्यात गेल्या. देशातल्या मुसलमानांची परिस्थिती तपासणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं होतं की काम करणाऱ्या मुस्लिम बायकांपैकी ७० टक्के स्वतःच्या घरात बसून काम करतात. सगळ्या समाजांचं मिळून हेच प्रमाण ५१ टक्के होतं. देशातल्या पंधरा वर्षांवरच्या बायकांचा कामातला सहभाग सरकारी पाहणीत २०१७-१८ ला २३.३ टक्के होता, २०२३-२४ ला तो ४१.७ टक्के झाला. वाढ दिसते मोठी, पण त्यातला बराच भाग खेड्यातल्या स्वतःच्या किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या बायकांचा आहे. आणि मोठ्या धर्मसमाजांत मुस्लिम बायकांचा आकडा सगळ्यात खाली राहतो. मोजणीतली चूक काढून टाकली तरी तो खालीच राहील, हे मी मान्य करते.

मग धर्मामुळे का? तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं खरं असतं, तर जगात जिथे जिथे मुसलमान आहेत तिथे एकच चित्र दिसायला हवं होतं. इंडोनेशियात जगातले सर्वात जास्त मुसलमान राहतात, आणि तिथल्या निम्म्याहून जास्त बायका कामात आहेत. बांगलादेशात तयार कपड्यांच्या कारखान्यांत सुमारे ४० लाख माणसं आहेत, त्यात जास्त बायका, बहुतेक खेड्यातून आलेल्या. इराणमध्ये विद्यापीठांत मुली मुलांच्या बरोबरीने, काही वर्षं तर मुलांपेक्षा जास्त शिकल्या, तरी नोकरीच्या बाजारात पाचातली एकही बाई नाही. कामाने घराच्या हिताला बाधा येते असं म्हणून नवऱ्याला बायकोचं काम थांबवता येईल, अशी सोय तिथल्या कायद्यातच आहे. सौदी अरेबियात २०१८ मध्ये बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली, २०१९ मध्ये प्रवासासाठी घरच्या पुरुषाची परवानगी लागण्याची अट सुटली, आणि कामातला बायकांचा हिस्सा पाचव्या भागावरून तिसऱ्या भागाच्या वर गेला, तोही पाच-सात वर्षांत. उलट अफगाणिस्तानात डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने बायकांना स्वयंसेवी संस्थांत काम करायलाही बंदी केली. ज्या विधवांच्या घरी दुसरं कमावणारं कुणी नव्हतं, त्यांचीही नोकरी गेली. ते आठवलं की माझा जीव जळतो. कुराण या सगळ्या देशांत एकच आहे. फरक आहे तो कायद्याचा, कारखान्यांचा आणि राज्य करणाऱ्यांचा.

तरी धर्माचा यात काहीच भाग नाही, असं मी तुम्हाला सांगणार नाही. आमच्याकडे शरियतप्रमाणे बायकोचा खर्च चालवणं नवऱ्यावर फर्ज आहे, त्याला नफका म्हणतात. आणि बाई जे कमावते, तिला लग्नात नवऱ्याकडून जो महर मिळतो, तो तिचा एकटीचा, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. एकाच नियमाच्या या दोन बाजू आहेत. घरातले पहिली बाजू धरून म्हणतात, तुला खायला-प्यायला मिळतंय, मग कमवायला कशाला जायचं? दुसरी बाजू कुणी सांगत नाही. मी बायकांच्या बैठकीत दुसरी बाजू सांगते. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी हजरत खदिजा मक्केच्या मोठ्या व्यापारी होत्या, लग्नाआधी पैगंबर त्यांचाच माल घेऊन शामला, म्हणजे सीरियाकडे, गेले होते, हेही सांगते. ते लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण ते आपल्या घरातल्या सुनेला लागू होतं, असा विचार कुणी केलेला नसतो. एका सासूबाईंनी मला विचारलं होतं, "आपा, मग आमच्या पोरीनं काय पाप केलंय की?" त्यांची सून आज संकेश्वरात स्वतःचं ब्लाउजचं दुकान चालवते.

माझ्या अनुभवात धर्माहून जास्त जड असतं ते घराचं नाव. निपाणीच्या तंबाखू वखारींत पिढ्यान्‌पिढ्या बायका राबल्या, जर्दा चाळताना धुळीने खोकत. १९८० च्या सुमाराला त्या संघटित होऊन मजुरीसाठी रस्त्यावर उतरल्या, त्यात दलित, मराठा, मुसलमान सगळ्याच होत्या. तेव्हा पडदा कुठे होता? पोटाला नव्हतं, म्हणून नव्हता. पुढे ज्यांच्या पोरांनी ट्रक घेतला, गॅरेज टाकलं, कुणी दुबईला गेलं, त्यांनी आधी घरातल्या बाईला वखारीतून काढलं. घरातल्या बाईला कामाला जावं लागत नाही, ही त्यांच्या लेखी पहिली श्रीमंती. ताई, तुमच्या आजोळी मराठा घरांत तरी वेगळं काय होतं? शेतात राबणारी बाई आणि माजघरातून ओसरीवर न येणारी बाई, यांत फरक जमिनीच्या एकरांचाच होता.

तुर्कस्तानचंही तेच झालं. १९५० च्या दशकात तिथल्या दोन तृतीयांशांहून जास्त बायका कामात मोजल्या जायच्या, कारण त्या शेतात होत्या. कुटुंबं शहरांत आली तसा तो आकडा उतरत उतरत पुढच्या पन्नास वर्षांत पाव हिश्श्यावर आला. घराची मिळकत वाढते तशी बाई आधी कामातून मागे येते, आणि शिकून चांगली नोकरी मिळू लागली की परत येते. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या संशोधनाचा हा एक भाग आहे. तुमच्या गल्लीतली बरीच घरं आत्ता मधल्या टप्प्यावर आहेत. उपाशी नाहीत, आणि मुली शिकल्या तरी त्यांना साजेशी नोकरी समोर नाही.

त्यात लग्नाच्या पोरीची गोष्ट आणखी वेगळी. शिक्षिका, नर्स म्हटलं की स्थळ येतं. "कंपनीत जाते" म्हटलं की पाहायला आलेली माणसं एकमेकांकडे बघतात. त्यामुळे तुम्हाला अठरा ते बावीसच्या मुली कमी मिळतील. मिळतील त्या तिशीच्या पुढच्या, पोरं शाळेत जाणाऱ्या. तुम्ही जाहिरातीत "१८ ते २५ वयाच्या मुली" लिहिलं असेल तर ते आधी काढा.

पुढचा अडसर हिशेबाचा, आणि त्याकडे कुणी नीट बघत नाही. शेअर रिक्षाचे जाऊन-येऊन रोजचे ६० रुपये धरा, २६ दिवसांचे १,५६० झाले. घरात चालू असलेली फॉल-पिकोची किंवा विडीची कमाई बंद होणार, ती वजा करा. लहान पोराला कुणाकडे ठेवायचं तर तिथे काहीतरी द्यावंच लागतं. पहिले दोन महिने तुम्ही शिकाऊ म्हणून कमी पगार देत असाल. आता हातात काय उरलं ते कागदावर मांडा. बऱ्याच घरांत जेवढं उरतं त्यासाठी सासूशी भांडण घ्यायला बाई तयार होत नाही, आणि तिचं काही चुकत नाही. नवरा किंवा सासू जेव्हा "आमच्यात चालत नाही" म्हणतात, तेव्हा कितीदा तरी त्यांना म्हणायचं असतं की एवढ्याशा पैशासाठी घर उघडं टाकणं परवडत नाही. पण गरिबी दाखवण्यापेक्षा रिवाज पुढे करणं त्यांना सोपं जातं.

मी स्वतः इथे पडले आहे. माझा पहिला शिलाई वर्ग मी दहा ते पाच ठेवला होता. बावीस जणींनी नावं दिली, तिसऱ्या महिन्यात पाच उरल्या. मी चिडले, त्यांच्यात चिकाटी नाही असं बोलूनही गेले. मग एक बाई मला हाताला धरून गल्लीत घेऊन गेली. नळाला चार दिवसांनी पाणी, तेही दुपारी बारा-एकला, आणि ते भरायला घरात दुसरं कुणी नाही. पाणी चुकलं की पुढचे चार दिवस घरात रोज कटकट. बेळगावच्या काही प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आलं, तिथल्या बायकांना वेळेचं हे दुखणं तेवढं नाही. तुमची गल्ली त्यात येते का, तिथे पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येतं, हे तुम्हाला माहीत हवं. मी वेळ साडेदहा ते दीड आणि तीन ते सहा अशा दोन पाळ्यांत तोडली, हवी ती पाळी घ्या म्हटलं. सोळा जणी परत आल्या.

आपल्या सीमाभागातलं एक वेगळंच दुखणं आहे, ते भाषेचं. माझ्यासारख्या मुलीच्या घरात दखनी, शाळा मराठी नाही तर उर्दू, गल्लीत मराठी आणि नोकरीचा अर्ज कन्नडात. अंगणवाडी, आशा, दवाखान्यातली खिडकी, ग्रामपंचायतीतलं संगणकाचं काम, या सगळ्या घराजवळच्या आणि मानाच्या नोकऱ्या आहेत, सासरचे हसत पाठवतील अशा. पण कन्नड लिहिता-वाचता येत नाही म्हणून पोरी तिथे उभ्याच राहत नाहीत. मी मराठीतच वाढले, मराठीतच लिहिते, मराठीवर माझं प्रेम कुणाहून कमी नाही. तरी सांगते, मी घेतलेल्या सगळ्या वर्गांत बायकांना जास्त नोकऱ्या मिळवून दिल्या त्या तीन महिन्यांच्या कन्नड लिहा-वाचा वर्गाने. शिलाईचा नंबर त्याच्यानंतर. तुमच्या युनिटमध्येही मापाचे तक्ते कन्नडात असतील तर त्याखाली मराठीत लिहून घ्या. दोन तासांचं काम आहे.

डोक्यावरच्या कपड्याचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या कर्नाटकात कॉलेजच्या गणवेशाचा आदेश निघाला, वर्गात हिजाब बंद झाला, मार्चमध्ये उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मत दोन बाजूंना पडलं. त्या वर्षापासून आमच्या घरांत एक भीती बसली आहे, की बाहेर पाठवली तर फाटकावर पोरीला कुणीतरी अडवणार. तुम्ही गल्लीत पहिल्याच वाक्यात सांगा की रुमाल बांधून काम करता येईल. मशिनीचंही बघायला हवं. मोटारीच्या पट्ट्यात ओढणी नाही तर बुरख्याचा घोळ अडकला तर माणूस जायबंदी होतं. मी काय केलं ते सांगते. शिलाईच्या खोलीला लागून एक छोटी खोली, दार आतून लागणारं, भिंतीला खुंट्यांची रांग आणि एक आरसा. बायका आल्या की बुरखा खुंटीला, डोक्याला मागे गाठ मारलेला सुती रुमाल, आणि मग मशिनीवर. शिलाईच्या खोलीत पुरुष नाही. कापड उतरवणारे हमाल पुढच्या दाराने येतात, आणि ते आत असताना मधलं दार बंद. या खोलीला मला फारसा खर्च आला नाही, आणि तिच्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडला नाही.

दार बंद म्हणजे कडी, कुलूप मात्र नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळली, १,१०० हून जास्त माणसं गेली, बहुतेक शिलाईच्या कामावरच्या बायका. आदल्या दिवशी भिंतीला भेगा दिसल्या होत्या, तरी त्यांना आत बोलावलं होतं. तुमच्या युनिटला मागचं दार आहे का, आणि ते कापडाच्या गठ्ठ्यांनी अडलेलं नाही ना, आजच बघा.

आता तुमच्या तीस बायका. जमातीकडे, म्हणजे मोहल्ल्याच्या पंचांकडे, आधी जाऊ नका. तिथे पुरुष बसतात, तुमचा विषय त्यांच्यासमोर गेला की तो इज्जतीचा होतो. आधी सासवांना भेटा, दुपारी जेवणं झाल्यावर, मशिनी बघायला बोलवा, चहा द्या. पगाराचं बोला, पण त्याआधी ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, बोला. दहा कामगार असले की ईएसआय लागू होतो, तुमच्याकडे अठरा आहेत. सुनेच्या कार्डावर तिच्या नवऱ्याचं आणि पोरांचं औषधपाणी होतं, हे कळलं की सासूबाई उठून पाट सरकवतात. वीस झाल्या की पीएफही. लपवाछपवी करू नका, नावं नीट चढवा. बँक खातं तिच्या एकटीचं हवं. राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये ऑगस्ट २०२३ पासून घरातल्या कर्त्या बाईला मिळतात, म्हणजे पुष्कळ घरांत सासूला. सुनेच्या नावावर येणारा पहिला पैसा तुमचा असेल, हे लक्षात ठेवा.

राज्याच्या शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून बायकांना सरकारी साध्या बसला तिकीट नाही. पण तुमच्या सुट्टीच्या वेळेला बस आहे का ते थांब्यावर उभं राहून बघा, आणि नसेल तर सुट्टी पंधरा मिनिटं मागे-पुढे करा. निपाणीहून कागलच्या एमआयडीसीत जाणाऱ्या पोरींना महाराष्ट्राच्या लाल एसटीत मार्च २०२३ पासून सीमेपलीकडच्या टप्प्याला अर्धं तिकीट पडतं. तरी संध्याकाळी अंधार पडायच्या आत पोचवणारी गाडी नसेल तर त्या जात नाहीत. फुकट तिकिटापेक्षा वेळेवरची गाडी त्यांना जास्त लागते.

ज्यांना खरंच बाहेर पडता येत नाही, त्यांना काजं, बटणं, धागे कापणं असं काम घरी द्या. पण ज्या बाईने केलं तिच्याच नावाचं कार्ड करा, दर कार्डावर लिहा, आणि नाकारलेला नग तिला परत द्या. अम्मीसारखं कुणाचं व्हायला नको. सहा महिन्यांनी त्यातल्या काही जणी स्वतःहून विचारतील की युनिटात जागा आहे का.

रमजानबद्दलही तुम्ही विचारलं होतं. महिनाभर सकाळची पाळी लवकर सुरू करून दुपारी सोडा, ईदच्या आधी गणवेशाची मोठी ऑर्डर धरू नका. एवढं पुरतं.

आणि ज्या दोघी सोडून गेल्या, त्यांच्या घरी या आठवड्यात जाऊन या. त्यांच्या पंधरा दिवसांचा पगार अजून तुमच्याकडेच असेल तर तो पाकिटात घालून न्या, आणि त्यांच्याच हातात द्या. परत या असं लगेच म्हणू नका. पाणी किती वाजता येतं, पोरं शाळेतून कधी येतात, रिक्षाला किती पडत होतं, एवढंच विचारा आणि लिहून आणा. पाळ्या कशा लावायच्या ते तो कागद समोर ठेवून आपण दोघी मिळून ठरवू.